टाइल्स लावा, पण चार फूट माती सोडा



मागच्या आठवड्यात एका दादांनी आपल्या नव्या घराचे फोटो टाकले. घर सुंदरच आहे, मनापासून अभिनंदन. पण गेटपासून दारापर्यंत नुसत्या चकचकीत टाइल्स, आणि भिंतीला लागून प्लास्टिकच्या गमल्यांमध्ये नुकतीच आणलेली रोपं. खाली सगळ्यांनी 'मस्त बगीचा' असं लिहिलं. मी पण अंगठा दाखवून मोकळी झाले. मग रात्री वाटलं, खरं बोलायला पाहिजे होतं. कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही हट्टानं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तेव्हा वाचा.

मी मूळची सौंसरची. 1991 साली लग्न होऊन लोधीखेड्याला आले. तेव्हा नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी चालू होती. माहेरून परत येताना माझ्या पिशवीत ओल्या पेपरात गुंडाळलेली एखादी फांदी हमखास असायची, आणि जाताना सासूबाई दुसरी काहीतरी बांधून द्यायच्या. डब्यात अशा फांद्या घेऊन बसलेल्या बाया बऱ्याच दिसायच्या. 2015 ला ती गाडी बंद झाली. आता मोठी लाइन झाली, पण फांदी घेऊन बसलेली बाई काही मला दिसली नाही.

सासूबाईंचं अंगण म्हणजे काही आखलेला बगीचा नव्हता. मधोमध तुळस. दाराच्या उजवीकडे पारिजातक. भिंतीच्या कडेनं मोगरा, तगर, लाल जास्वंद, पिवळी कण्हेर. कोपऱ्यात गुलबक्षी, जिला कोणी कधी लावलं हेच माहीत नव्हतं. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर जायचं तिथं कर्दळ आणि अळू. नर्सरीतून विकत आणलेलं एकही झाड नाही. त्या म्हणायच्या, "इकत आणलेलं झाड रुसते वं. मांगून आणलेलं जगते."

हे सगळं वाचायला गोड वाटते. पण त्या अंगणाचं काम कोणाच्या वाट्याला होतं, हे पण सांगितलं पाहिजे. सकाळी झाडणं, सडा, सणावाराला सारवण. आपली काळी माती कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात चपलेला दोन-दोन किलो चिखल. लेकरं तेच पाय घेऊन घरात. मी शाळेची नोकरी करून, दोन लेकरं सांभाळून ते अंगण पंधरा-वीस वर्षं झाडलं. घरातल्या पुरुषांनी फुलं देवाला वाहिली, अंगणाचं कौतुकही केलं, पण खराटा हातात घेतल्याचं मला आठवत नाही.

म्हणून 2012 मध्ये मीच म्हटलं, की आता टाइल्स. यात मला आजही लाज वाटत नाही. आपल्या आठवणींच्या पोस्टमध्ये 'मातीचं अंगण किती छान होतं' असं जे लिहितात, त्यांच्यापैकी अर्ध्यांनी ते कधी सारवलेलं नसते.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लाव वं बाई, तुले सोपं होईन. माह्या पारिजातकाले मात्र जागा ठेवजो."

मिस्त्रीनं जागा ठेवली. खोडाभोवती दोन फुटांचा चौकोन. बाकी सगळीकडे मुरूम, गिट्टी, सिमेंट आणि वर टाइल. त्या दिवशी मला ती जागा पुरेशी वाटली. झाडाची मुळं चौकोनात राहत नाहीत, ती फांद्यांच्याही पुढं पसरलेली असतात, हे शाळेत शिकवणाऱ्या मला सुचलं नाही. पावसाचं पाणी टाइलवरून सरळ नालीत जायला लागलं. पहिल्या वर्षी फुलं कमी आली. दुसऱ्या उन्हाळ्यात पानं खरखरीत होऊन गळली, आणि 2014 च्या पावसात झाड फुटलंच नाही. कदाचित त्याचं वयही झालं असेल, बेड खोदताना मुळं तुटली असतील. मी सगळा दोष टाइलवर टाकत नाही.

पण त्या श्रावणात सासूबाई सवयीनं पहाटे ताट घेऊन बाहेर आल्या. पारिजातकाची फुलं तोडत नाहीत, खाली पडलेली वेचतात. त्या स्वच्छ टाइलकडे पाहत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि रिकामं ताट घेऊन आत गेल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. नागपूरहून गमले आणले. गुलाब, क्रोटन, पिटुनिया, डेलिया, एक अडेनियम. मोजून बावीस. दिवाळीपासून होळीपर्यंत असं वाटायचं की जिंकलो आपण. आपल्याकडची थंडी या झाडांना मानवते. जानेवारीत आमच्या दारापुढं लोक फोटो काढायला थांबायचे. मग एप्रिल यायचा.

गमल्यातली माती चारही बाजूंनी तापते. खाली टाइल तापलेली, मागं भिंत तापलेली, त्यात कोवळी मुळं अक्षरशः शिजतात. जमिनीत तसं होत नाही. वरची माती तापली तरी वीतभर खाली थंडावा असतो आणि मूळ तिकडं जाऊ शकते. गमल्यातलं मूळ जाणार कुठं? मे महिन्यात मी बावीस गमल्यांना सकाळ-संध्याकाळ मिळून चार बादल्या पाणी घालत होते. नळ एक दिवसाआड. घरात भांडणं व्हायची, की माणसांना पाणी नाही आणि तू झाडांना घालून राह्यली. नवतपा लागला की रोज एक-दोन झाडं माना टाकायची. एका उन्हाळ्यात बावीसपैकी नऊ गेली. पुढच्या दिवाळीत पुन्हा नर्सरी, पुन्हा पैसे.

त्या काळातल्या माझ्या दोन चुका सांगते, तुम्ही करू नका. पहिली म्हणजे काळी माती तशीच गमल्यात भरणं. ती पाणी धरून ठेवते, मुळं सडतात, आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. एक भाग माती, एक भाग नदीची रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एवढं केलं तरी खूप फरक पडतो. दुसरी चूक, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालणं. कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार खाली उरतात. आधीच आपलं बोअरचं पाणी जड. गमल्यावर पांढरा थर चढला आणि पानांची टोकं जळाली, तेव्हा समजलं. भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी त्यापेक्षा कितीतरी बरं.

2017 मध्ये मी पुन्हा मिस्त्री बोलावला आणि भिंतीला लागून चार फूट रुंद, अठरा फूट लांब एवढ्या टाइल्स फोडायला सांगितल्या. घरचे हसले. आधी लावायचा खर्च, आता फोडायचा खर्च. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात. खुर्ची टाकून बसल्या आणि मिस्त्रीला सांगत होत्या, "अजून एक ओळ फोड ना रे बाबू." एक ओळ नाही फोडली, कारण गाडी ठेवायची होती. पण त्या दिवशी त्या जेवल्या दोन पोळ्या जास्त, हे मला आठवते.

खाली माती नव्हतीच, नुसता मुरूम आणि सिमेंटचे गोळे. दोन फूट खोल खोदून सगळं बाहेर काढलं. शेतातली माती, कन्हानची रेती आणि दोन ट्रॉली शेणखत. तरी पहिलं वर्ष काही धड आलं नाही. मेलेल्या जागेला जिवंत व्हायला वेळ लागतो.

आणि झाडं कुठून आली? ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. सासूबाईंनी तीस-चाळीस वर्षं ज्यांना ज्यांना फांद्या दिल्या होत्या, त्यांच्याकडून. आमचा मोगरा टाइल्सखाली गेला होता, पण त्याचीच फांदी मागच्या गल्लीत एका काकूंकडे होती. तगर सौंसरला माझ्या माहेरी. गुलबक्षीचं काळं बी शेजारच्या वहिनींनी मूठभर दिलं. पारिजातकाचं रोप तर एका घरच्या नालीच्या कडेला उगवलेलं मिळालं, आणि त्या घरात ते झाड आमच्याकडच्याच बियांचं होतं. माझ्या हातून सगळं गेलं होतं, पण गावात ते जमा होतं. त्यांचं ते 'मांगून आणलेलं जगते' मला तेव्हा कळलं. दिलेली फांदी म्हणजे आपल्याच झाडाची दुसरी प्रत. नर्सरीतून आणलेल्या माझ्या बावीस गमल्यांची अशी प्रत कुठंच नव्हती.

आता त्या चार फुटांमध्ये वर्ष कसं जाते ते सांगते, म्हणजे कोणाला करायचं असेल तर अंदाज येईल.

डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याचं पाणी तोडायचं. हे मी घरच्या संत्र्यावरून शिकले. आपल्याकडे आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण देतात. पाणी बंद केलं की झाड थांबते, आणि मग खत-पाणी दिलं की फुलावर येते. पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. पण बगीच्यात तीच अक्कल आपण वापरत नाही, मोगऱ्याला बारा महिने पाणी घालतो आणि म्हणतो की पानंच पानं आहेत, फुलं नाहीत. थंडीत ताण द्या, जानेवारीच्या शेवटी छाटा, शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या. बोगनवेलीचं पण तसंच, लाड केले की ती फुलत नाही.

उन्हाळ्यात पाणी उजाडायच्या आत, नाहीतर दिवस बुडाल्यावर. बुडाशी कुटार किंवा वाळलेल्या पानांचा चार बोटं थर. त्या पट्ट्याला मी आता एक दिवसाआड तीन बादल्या घालते आणि तेवढ्यात भागते. नवतप्यात नवीन रोपांवर पोत्याची सावली. संध्याकाळी मोगरा उमलला की दिवसभराचा ताप विसरतो माणूस. ओंजळभर फुलं माठाजवळ ठेवायची, बस.

मृग लागला की तेरडा आपोआप उगवतो, गुलबक्षी जमिनीतल्या कंदातून वर येते. फांद्या लावायचे आणि वाटायचे हेच दिवस. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. निंबोळीचं पाणी मारते, नाही ऐकलं तर ती फांदीच कापून टाकते. कळ्या वांदरं खातात, त्यावर माझ्याजवळ उपाय नाही. पाणी तुंबलं की मोगरा पिवळा पडतो, म्हणून पट्टा अंगणापेक्षा वीतभर उंच ठेवा. पोळ्यापर्यंत सगळं हिरवंगार असते. महालक्ष्म्यांना फुलं घरची. भुलाबाईच्या दिवसांत गुलबक्षी ऐन भरात. दुपारी चारनंतर ती उमलते. सासूबाई घड्याळ न पाहता चहा ठेवायच्या त्या तिच्याच भरवशावर.

शेवंतीचे शेंडे जुलै-ऑगस्टमध्ये खुडायचे म्हणजे झाड पसरते, मग दिवाळीच्या सुमाराला कळ्या. एका वर्षी मात्र दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, शेवंतीला एक कळी नाही. नुसती पानं. आणि घरामागं टाकीच्या आडोशाला ठेवलेली तीच शेवंती भरभरून फुललेली. शेती शिकणाऱ्या भाच्यानं उलगडा केला. आमच्या दारापुढच्या खांबावर नवीन एलईडी दिवा लागला होता. शेवंती रात्र मोठी झाली की फुलते, लांब अंधार हाच तिचा इशारा. रात्रभर उजेड पडला तर तिला वाटते उन्हाळाच चालू आहे. फुलं उशिरा बाजारात आणायची असली तर मोठे शेतकरी मुद्दाम रात्री दिवे लावतात म्हणे. दिवा चांगलाच आहे, पोरी-बाळी संध्याकाळी निर्धास्त येतात. मी शेवंती मागं हलवली.

काही जण म्हणतील की लावायची तर देशीच झाडं लावा. मी या भानगडीत पडत नाही. दसऱ्याला ज्याच्याशिवाय तोरण होत नाही तो झेंडू मेक्सिकोकडचा. गुलबक्षी दक्षिण अमेरिकेकडून आली, बोगनवेल ब्राझीलची, सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनची. कोणीतरी माती दिली, टिकल्या, आपल्या झाल्या. 1956 मध्ये राज्यांच्या रेषा आखल्या तेव्हा आपण मराठी बोलणारे इकडं मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्ह्यात आलो. कागद बदलले, घरातली भाषा राहिली. झाडाचंही तेच आहे, त्याचा दाखला पाहू नका, ते आपल्या उन्हात टिकते का तेवढं पाहा.

आता आक्षेप. साप निघतात? दाट झुडूप होऊ दिलं आणि विटा-लाकडं रचून ठेवली तर निघतात. बूड मोकळं ठेवा. डास होतात? ते मातीत नाही, गमल्याखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात होतात. पाणी लागते? गमल्यांपेक्षा कमी लागते, आकडे वर दिलेच आहेत. गाडी? चार फूट सोडून गाडी बसते, आमची बसते. चिखल? पट्ट्याला विटांची कड बांधा, बाकी टाइल्स खुशाल ठेवा. मी टाइल्सच्या विरोधात नाही. माझी कंबर पण त्याच बाजूनं आहे.

विरोध आहे तो भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं बंद करण्याला. घर बांधताना चार फूट सोडायला एक रुपया लागत नाही. नंतर फोडायला लागतो, हा हिशेब मी भरला आहे. आणि ज्या घरात नवीन पट्टा कराल, तिथं खराटा, पाणी, खत हे एकट्या बाईवर टाकू नका. फुलं सगळ्यांच्या देवाला जातात, मग बादली पण सगळ्यांनी उचलावी. आमच्याकडे आता रविवारचं खत-पाणी आमचे हे करतात. सुरुवातीला त्यांनी तेरड्याची रोपं गवत समजून उपटली होती, पण ते चालायचंच.

सासूबाई 2020 च्या जानेवारीत गेल्या. नवीन पारिजातकाला पहिली फुलं त्या आधीच्या पावसाळ्यात आली होती. फार नाही, सात-आठ. त्यांना वाकता येत नव्हतं. मी वेचून ताटात दिली. त्यांनी मोजली, आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जास्त येईन."

आता दर श्रावणात ताट भरते. रोपं पण खाली भरपूर उगवतात. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा, कुठूनही या, पाऊस लागला की पारिजातकाचं रोप आणि मोगऱ्याची फांदी फुकट देईन. ज्या दादांच्या फोटोवरून हे सुरू झालं, त्यांच्यासाठी दोन रोपं बाजूला ठेवली आहेत. दादा, राग मानू नका. एक ओळ फोडा.

आणि तुमच्या जुन्या अंगणात काय काय होतं, त्यातलं आज गावात कोणाकडे उरलं आहे, ते खाली लिहा. कोणाला तरी त्याची फांदी पाहिजे असेल.